तोच मजला, तोच बिघाड: रॅकमधली चुकीची केबल पुन्हा पुन्हा का निघते

तीन महिन्यांत एकाच मजल्याचं नेटवर्क तीनदा गेलं. तिन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटांत परत आलं आणि तिन्ही तक्रारींच्या टिकिटांवर शेरा एकच: ‘केबल लूज होती, नीट बसवली.’ चौथ्यांदा गेलं तेव्हा मी योगायोगाने त्या मजल्याच्या रॅकच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबली आणि उपकरणांच्या कपाटाच्या, खोलीत शिरत होतो. आत सपोर्टचा मुलगा उभा. हातात करड्या रंगाची पॅच कॉर्ड (रॅकमधली जोडणीची छोटी केबल), कनेक्टरपासून चार बोटांवर पिवळी पडलेली कागदी टेप आणि टेपवर बॉलपेनने लिहिलेलं ‘प्रिंटर’.

“सर, प्रिंटरचीच काढलीय. बघा ना, लिहिलंय.”

लिहिलेलं होतंच. पण तो प्रिंटर केव्हाच दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता. हलवाहलवीत मोकळी झालेली कॉर्ड कोणीतरी खालच्या ४८ पोर्टच्या स्विचला (उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याला) अपलिंक, म्हणजे मुख्य नेटवर्ककडे जाणारी केबल, म्हणून लावली. लांबी बरोब्बर होती, कॉर्ड चांगली होती, टेप तेवढी काढायची राहिली. त्या स्विचवर मजल्यावरचे सगळे फोन, वायफायचे ॲक्सेस पॉइंट आणि निम्म्याहून जास्त डेस्क. प्रिंटर रुसला की सपोर्टवाला यायचा, ‘प्रिंटर’ लिहिलेली केबल उपटायचा, जाऊन प्रिंटर बंद-चालू करायचा आणि परत येऊन केबल लावायचा. मधल्या वेळात मजला ओरडायचा. दुसरा कोणी धावत रॅककडे आला की त्याला केबल लोंबकळताना दिसायची. तो ती बसवायचा आणि टिकिटावर लिहायचा, ‘लूज होती.’

केबलला लेबल नसलं तर माणूस निदान बिचकतो, दोनदा विचारतो. जुनं लेबल असलं की तो बेधडक हात घालतो. म्हणून ‘लेबल लावा’ एवढ्या सल्ल्याने हा बिघाड जात नाही. आमच्या रॅकमध्ये लेबलं होतीच की. लेबलावर काय लिहायचं आणि ते कधी बदलायचं, इथे खरी गोम आहे.

तुमच्याकडे हाच बिघाड आहे का, ते आधी बघा

मागच्या सहा महिन्यांची टिकिटं काढा आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘लूज’, ‘आपोआप सुरू झालं’, ‘केबल बदलली’, ‘पोर्ट बदलला’ हे शब्द शोधा. मग स्विचच्या लॉगमधल्या लिंक डाउनच्या, म्हणजे जोडणी तुटल्याच्या, वेळा त्यांच्या शेजारी लिहा. तिसऱ्या रकान्यात त्या वेळी रॅकच्या खोलीत कोण आणि कशाला गेलं होतं ते. खोलीला कार्डाचं कुलूप असेल तर ही नोंद आयती मिळते, नसेल तर माणसांना विचारावं लागतं आणि माणसं खरं सांगतात, फक्त दरडावून विचारू नका.

यात एक अडथळा हमखास येतो. स्विचचं घड्याळ चुकलेलं असतं. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवून घेण्याची सोय, लावलेली नसेल तर लॉगमधली वेळ कुठल्या तरी भलत्याच वर्षातली निघते आणि कशाचा कशाशी मेळ बसत नाही. तसं असेल तर सगळ्यात आधी सगळ्या स्विचना एकाच टाइम सर्व्हरवर आणा. लेबलांशी त्याचा थेट संबंध नाही, पण त्याशिवाय पुढचा तपास आंधळा होतो.

केबल किंवा पोर्ट खरोखर खराब असेल तर बिघाड वेळकाळ बघत नाही. रात्री दोनला, रविवारी, खोलीला कुलूप असतानाही लिंक पडते. पोर्टवर सीआरसीच्या (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या) चुका चढत्या दिसतात. आपला बिघाड मात्र कामाच्या वेळेत येतो, कोणी ना कोणी आत गेल्यावर येतो आणि पोर्टवरच्या चुकांचा आकडा शून्याच्या आसपास असतो. असा नमुना दिसला तर केबल बदलण्यात पैसे घालवू नका, कनेक्टर पुन्हा क्रिंप करत बसू नका. केबल ठणठणीत आहे. तिची ओळख हरवली आहे.

याच बिघाडाचं दुसरं रूप जास्त भयंकर. रॅकमध्ये एक कॉर्ड नुसतीच लोंबकळत असते. एक टोक स्विचमध्ये, दुसरं हवेत, लेबल नाही. आवरायला आलेल्या कोणाला तरी ते बघवत नाही, म्हणून तो मोकळं टोक जवळच्या मोकळ्या पोर्टात बसवून टाकतो. तो पोर्ट त्याच स्विचचा निघाला की लूप, म्हणजे डेटा तिथल्या तिथे फिरवणारं वेटोळं. इथरनेटच्या फ्रेमला (डेटाच्या एका पुडक्याला) आयुष्याची मर्यादा नसते, आयपीच्या पॅकेटसारखा उलटा मोजणारा आकडा तिच्यात नाही. त्यामुळे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेला डेटा, गोल गोल फिरत वाढत राहतो आणि स्पॅनिंग ट्री (लूप रोखणारी सोय) बंद असेल तर काही सेकंदांत सगळे दिवे एकाच तालात पेटू-विझू लागतात. हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला तो ताल विसरता येत नाही. डेस्कच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (डेस्कच्या पोर्टवर स्विचचा संदेश आला की तो बंद करणारा पहारा) लावून ठेवलेलं असेल तर पोर्ट आपणहून बंद होतो आणि बाकीचे वाचतात. पण त्या कॉर्डला क्रमांक असता तर मोकळं टोक कुठलं, हे बसवणाऱ्याने आधी बघितलं असतं.

उपटून बघू नका

‘काढून बघू, कोण ओरडतंय ते’ ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागडी पद्धत आहे. एक सेकंदासाठी काढली तरी खर्च एक सेकंदाचा नसतो. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू असलेल्या पोर्टवर लिंक परत आल्यावर १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात जातात. म्हणजे अर्धा मिनिट वाहतूक बंद. तेवढ्यात एखाद्या संगणकाची डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता मागण्याची, विनंती वाया गेली की तो १६९.२५४ ने सुरू होणारा कामचलाऊ पत्ता घेऊन बसतो आणि मग त्याचं वेगळं टिकीट. केबलमधून पीओई (उपकरणाला लागणारी वीज) जात असेल तर पलीकडचा फोन, कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंट सरळ रीबूट होतो. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पडलेलं भोक कोणाच्या लक्षातही येत नाही, लक्षात येतं ते नेमकं त्याच वेळेचं चित्रण हवं असतं तेव्हा.

आणि कोणीच ओरडलं नाही, म्हणून केबल निकामी ठरत नाही. सर्व्हरला दोन लिंक जोडून दिलेल्या असतील तर एक काढल्यावर काहीच होत नाही. तुम्ही निर्धास्त होऊन ती कॉर्ड गुंडाळून ठेवता. चार महिन्यांनी दुसरी लिंक जाते आणि सर्व्हर बसतो. त्या दिवशी कोणालाही चार महिन्यांपूर्वीची ती कॉर्ड आठवत नाही.

न काढता केबलचं दुसरं टोक शोधणं

सुरुवात खुर्चीत बसून करायची, रॅकपुढे नाही. स्विचला त्या पोर्टवरची मॅक ॲड्रेसची (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाची) यादी विचारा. एकच मॅक असेल तर पलीकडे बहुधा एकच उपकरण. दोन असतील तर फोन आणि त्याच्या मागे लावलेला संगणक. दहा-वीस असतील तर मागे आणखी एक स्विच, ॲक्सेस पॉइंट किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणारा सर्व्हर आहे, हात लांब ठेवा. आमच्या त्या ‘प्रिंटर’वर साठच्या वर मॅक होते. कोणीही एकदा बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. मॅकचे पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीचे असतात, त्यावरून फोन की कॅमेरा याचा अंदाज बांधता येतो. राउटरच्या एआरपी यादीत (कोणता मॅक कोणत्या आयपीचा, त्या यादीत) तोच मॅक शोधला की आयपी हाती लागतो.

इथे एक फसगत आहे, मी स्वतः फसलोय. मॅकची नोंद स्विचच्या यादीत कायम राहत नाही. बहुतेक स्विचवर ३०० सेकंद कोणी बोललं नाही की नोंद पुसली जाते. गप्प बसलेला प्रिंटर, हजेरीचं यंत्र, दाराचा कंट्रोलर अशी मंडळी पाच-पाच मिनिटं काही बोलतच नाहीत. यादी रिकामी दिसते आणि आपण म्हणतो, पोर्ट मोकळा आहे. लिंकचा दिवा हिरवा असेल तर पोर्ट मोकळा नाही, एवढं लक्षात ठेवायचं. आधी त्या सगळ्या सबनेटला (नेटवर्कच्या त्या भागातल्या सगळ्या पत्त्यांना) पिंग करून, म्हणजे हाक मारून, घ्यायचं आणि लगेच यादी बघायची.

शेजारी कोण आहे हे एलएलडीपी जास्त नीट सांगतं. आयईईई ८०२.१एबी या मानकातली ही सोय आहे. उपकरण साधारण दर ३० सेकंदांनी स्वतःचं नाव आणि पोर्ट शेजाऱ्याला कळवतं. स्विच, ॲक्सेस पॉइंट, आयपी फोन यांना ते बोलता येतं. मात्र बऱ्याच स्विचवर ते मुळात बंद असतं, चालू करावं लागतं. चालू केलंत की अपलिंकांची ओळख जागच्या जागी पटते आणि सगळ्यात घातक केबली तर त्याच असतात.

सर्व्हरच्या बाजूने शोधायचं असेल तर लिनक्सवर ‘इथटूल’ आहे. त्याला ‘पी’चा पर्याय दिला की त्या नेटवर्क कार्डाचा दिवा लुकलुकायला लागतो आणि मागच्या अंधारात चार सारख्या दिसणाऱ्या पोर्टांतला नेमका कोणता, ते कळतं.

एवढं करूनही जे उरतं ते टोनरने. केबलच्या एका टोकाला टोन सोडायचा आणि दुसरीकडे प्रोब फिरवत तो ऐकायचा. साधा ॲनालॉग टोनर चालू स्विचला लागलेल्या केबलवर नीट ऐकू येत नाही, टोन स्विचमध्येच जिरतो. त्यासाठी डिजिटल टोनर घ्यावा किंवा केबल मोकळी करावी. जाड जुडग्यात टोन शेजारच्या केबलमध्येही पाझरतो आणि तीन-चार केबली एकसारख्या गुणगुणायला लागतात. अशा वेळी जुनी युक्ती: ज्या केबलवर संशय आहे तिच्या जोडीतल्या दोन तारा क्षणभर एकमेकींना टेकवायच्या. आवाज मेला तर केबल तीच. नुसता कमी झाला तर शेजारची.

लांबूनही एक पडताळा मिळतो. खोक्यातून ओढलेल्या केबलच्या आवरणावर दर मीटरला, काहींवर दर फुटाला, चढता आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वाचा. बाकीचा मजकूर तंतोतंत जुळत असेल आणि आकड्यांतला फरक खोलीपासून डेस्कपर्यंतच्या अंतराशी पटत असेल तर ती तीच असण्याची शक्यता मोठी. शिवाय लांबीही कळली. ती भिंतीतल्या केबलसाठी मान्य ९० मीटरच्या वर निघाली तर तुमच्या दुसऱ्या एखाद्या जुन्या टिकिटाचं उत्तर तिथेच मिळून जाईल.

फायबरच्या बाबतीत लाल लेझरची पेनासारखी बॅटरी मिळते, पण तिच्यासाठी कनेक्टर काढावाच लागतो. आणि फायबरच्या टोकात कधीही डोळा घालून बघू नका. आतला प्रकाश बहुधा अवरक्त असतो, दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच पापणी मिटत नाही.

लेबलावर लिहायचं काय

आता मूळ दुखणं. ‘प्रिंटर’, ‘अकाउंट्स’, ‘नवीन सर्व्हर’, ‘मोठे साहेब’ ही केबलची नावं नाहीत. आज त्या केबलवर कोणतं काम आहे, त्याची ती वर्णनं आहेत. काम बदलतं, माणसं बदलतात, नवीन सर्व्हर जुना होतो. केबल तिथेच राहते आणि तिच्या गळ्यात जुनं वर्णन. आयपी ॲड्रेस आणि व्हीलॅनचा (नेटवर्कच्या आभासी विभागाचा) क्रमांक लिहिण्याचीही तीच गत. शिवाय खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ‘पगाराचा सर्व्हर’ कुठला, हे लेबलाने सांगायची काही गरज नाही.

लेबलावर फक्त ओळख लिहायची, बाकी सगळं नोंदवहीत. भिंतीतून जाणाऱ्या कायमच्या केबलची ओळख तिच्या जागेवरून द्यायची, कारण ती हलत नाही. केबलिंगच्या नोंदींसाठी टीआयए ६०६ हे मानक आहे. पहिलं १९९३ चं, पुढे २००२, २०१२, २०१७ आणि २०२१ मध्ये सुधारलेलं. २००२ च्या आवृत्तीतली पद्धत मला लहान आणि मध्यम जागांसाठी आजही सोपी वाटते: मजला, खोली, पॅनेल (भिंतीतल्या केबली रॅकमध्ये जिथे येऊन संपतात ती पोर्टांची पट्टी), पोर्ट. ‘१ए-बी२४’ म्हणजे पहिला मजला, ए खोली, बी पॅनेल, २४ वा पोर्ट. हीच अक्षरं पॅच पॅनेलवर, हीच भिंतीतल्या आयओच्या (नेटवर्कच्या सॉकेटच्या) फेसप्लेटवर, हीच केबलच्या दोन्ही टोकांवर. डेस्कवरचा माणूस फोनवर ‘१ए-बी२४’ एवढं वाचून दाखवू शकला की अर्धी पायपीट वाचते.

पॅच कॉर्डचं वेगळं. तिथे बरेच लोक ‘इथून-तिथे’ लिहितात: अमुक स्विचचा १२ वा पोर्ट ते तमुक पॅनेलचा २४ वा. मोठ्या डेटा सेंटरमध्ये, जिथे लेखी कामाच्या आदेशाशिवाय कॉर्ड हलत नाही, तिथे हे चालतं आणि छानच चालतं. कार्यालयातल्या रॅकमध्ये नाही चालत. इथली कॉर्ड वर्षात तीनदा जागा बदलते आणि पहिल्याच बदलात लेबल खोटं पडतं. माझं मत स्पष्ट आहे: पॅच कॉर्डला नुसता अनुक्रमांक द्या. ००४१, दोन्ही टोकांना ००४१, बस. कॉर्ड कुठेही गेली तरी ००४१ च राहते, लेबल खोटं पडूच शकत नाही. ती सध्या कुठून कुठे जाते ते नोंदीत बदलायचं. आणि नोंद मागे पडली तरी निदान या टोकाची जोडीदार कोणती, हे रॅकपुढे उभं राहून डोळ्यांनी शोधता येतं.

आकडे इंग्रजीच वापरावेत, असं मी एका अनुभवावरून सांगतो. एका गड्याने हौसेने मराठी आकड्यांत लेबलं लिहिली होती. घाईत मराठी १ इंग्रजी नऊसारखा वाचला जातो आणि मराठी ४ इंग्रजी आठासारखा. वाचणाऱ्यांत दोन्ही प्रकारची माणसं असली की घोळ ठरलेला. इंग्रजी सहा आणि नऊही केबल उलटी फिरली की अदलाबदल होतात, म्हणून सगळ्या क्रमांकांना सारखेच चार आकडे ठेवावेत आणि खाली रेघ मारावी. आय आणि ओ ही अक्षरं क्रमांकात घेऊच नयेत.

रंगांबद्दल थोडंसं. अपलिंक लाल, फोन पिवळे, कॅमेरे हिरवे अशी वाटणी डोळ्याला बरी वाटते आणि उपयोगीही आहे, पण ती जात सांगते, व्यक्ती नाही. लाल कॉर्ड संपल्या की त्या दिवशी हाताला येईल तो रंग लागतो. शिवाय काही जणांना लाल-हिरवा फरक दिसत नाही. म्हणून रंगाच्या भरवशावर क्रमांक टाळू नका.

वीज विसरू नका. दोन पॉवर सप्लाय असलेला सर्व्हर ए आणि बी अशा दोन वेगळ्या फीडवर (वीजपुरवठ्यांवर) असायला हवा. मागे आठ काळ्या कॉर्ड एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि दोन्ही एकाच पीडीयूत (रॅकमधल्या वीजपट्टीत) लागलेल्या आहेत, हे तो पीडीयू गेल्यावरच कळतं. पॉवर कॉर्डच्या दोन्ही टोकांना क्रमांक आणि ए किंवा बी, एवढं काम अर्ध्या दिवसाचं आहे.

लेबल टिकत नाही, ही तक्रार

कागदी टेप, सेलोटेप आणि बॉलपेन यांना रॅकमध्ये जागा नाही. रॅकच्या मागून चोवीस तास गरम वारा येतो. टेपचा डिंक वाळतो, टेप गळून पडते किंवा केबलवर चिकट राप ठेवून सरकते. शाई फिकी होते. पावत्या छापणाऱ्या यंत्रासारखी उष्णतेने काळी पडणारी कागदी लेबलंही नकोत, तीच उष्णता पुढे सगळं लेबल राखाडी करते. रिबन वापरणारा, म्हणजे थर्मल ट्रान्सफर प्रकारचा प्रिंटर आणि व्हिनाइल किंवा पॉलिएस्टरचं लेबल घ्यावं.

केबलसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतःवरच लॅमिनेट होणारं लेबल. त्याचा वरचा भाग पांढरा, छापायचा, आणि खालची लांब शेपटी पारदर्शक. पांढरा भाग केबलवर चिकटवायचा आणि शेपटी त्याच्यावरून गुंडाळायची, म्हणजे छापलेली अक्षरं प्लास्टिकखाली सुरक्षित. माप घेताना केबलचा व्यास धरायचा: कॅट ६ प्रकारची केबल साधारण ६ मिलिमीटर जाड, म्हणजे घेर १९ मिलिमीटरच्या आसपास. शेपटी त्या घेराला पूर्ण वेढा घालून अक्षरांवर आली पाहिजे. कॅट ६ए जाड असते, तिला तेच लेबल तोकडं पडतं. एकच मजकूर दोन-तीन ओळींत पुन्हा पुन्हा छापा, म्हणजे केबल कशीही फिरली तरी एक ओळ समोर येते. झेंड्यासारखी बाहेर येणारी लेबलं वाचायला सोपी, पण दाट रॅकमध्ये ती एकमेकांत अडकतात आणि दुसरी कॉर्ड ओढताना फाटतात. फायबरच्या बारीक कॉर्डला मात्र झेंडाच सोयीचा.

जागा: आवरणाच्या टोकापासून ३०० मिलिमीटरच्या आत, असं ६०६ म्हणतं. मी त्यात एवढंच जोडेन की केबल मॅनेजरच्या झाकणाआड जाईल इतकं मागे नको. वाचायला झाकण उघडावं लागलं की कोणी वाचत नाही.

नवी केबल ओढताना होणारी एक चूक तर मी डझनभर वेळा पाहिली असेल. गडी केबलच्या अगदी टोकाला मार्करने क्रमांक लिहितो. मग पंचिंगच्या (तारा पॅनेलमध्ये दाबून बसवण्याच्या) वेळी जास्तीची फूट-दोन फूट केबल कापली जाते आणि क्रमांक कापलेल्या तुकड्याबरोबर कचऱ्यात. चोवीस केबली समोर, एकीलाही नाव नाही. उपाय साधा: ओढतानाच टोकापासून थोड्या थोड्या अंतरावर तोच क्रमांक तीन-चारदा लिहायचा आणि कापण्याआधी मागचा एक शाबूत आहे ना, ते बघायचं.

पुन्हा होऊ नये म्हणून

नोंद कशात ठेवायची यावर लोक तासन्‌तास भांडतात. २०१६ पासून मोकळं उपलब्ध असलेलं नेटबॉक्स हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, केबलचं एक टोक निवडलं की पूर्ण माग दाखवतं. पण दोन रॅक असतील तर साधी एक्सेलची फाइल पुरते, अट एकच, ती एकच असावी. तीन लोकांच्या लॅपटॉपवर तीन प्रती झाल्या की तिन्ही बाद.

सगळ्यात जास्त फायदा मला एका छोट्या गोष्टीचा झाला. स्विचवर प्रत्येक पोर्टला वर्णन लिहिण्याची सोय असते. तिथे कॉर्डचा क्रमांक आणि पॅनेलचा पोर्ट लिहून टाकला: ‘००४१, १ए-बी२४’. आता लिंक पडली की मॉनिटरिंगच्या सूचनेतच क्रमांक येतो. रॅकपुढच्या मुलाला फोनवर ‘वरून तिसऱ्या स्विचचा डावीकडून सातवा’ असं सांगावं लागत नाही. ‘एक्केचाळीस बघ’ एवढंच.

आणि टिकिटाचा नियम बदलला. कॉर्ड लावली, काढली, हलवली तर दोन्ही टोकांचा फोटो टिकिटाला जोडल्याशिवाय टिकीट बंद होत नाही. फोटोत क्रमांक वाचता आला पाहिजे. पहिले दोन आठवडे सगळे वैतागले. ‘एका कॉर्डसाठी फोटो काय काढायचा?’ मग एका रात्री चुकीची कॉर्ड निघाली आणि घरबसल्या फोटो बघून पाच मिनिटांत जागेवर आली, तेव्हा कुरकुर थांबली. जुनी, मेलेली लेबलं सोलून काढणं हेही त्याच कामात धरलंय. नवं लावलं आणि जुनं तसंच ठेवलं की दोन नावांची केबल तयार होते, आणि संकटात माणूस नेमकं चुकीचं वाचतो. महिन्यातून एकदा मी कुठल्याही दहा कॉर्ड निवडतो आणि नोंदीशी ताडून बघतो. दहाही जुळल्या असं अजून दोनदाच झालंय.

ज्यांचा पत्ताच लागत नाही त्या

सगळं करून काही केबली उरतातच. त्यांनाही क्रमांक द्यायचा, नोंदीत दुसऱ्या टोकापुढे ‘माहीत नाही’ आणि तारीख लिहायची. उपटायची नाही. स्विचवरून तो पोर्ट हुकमाने बंद करायचा, म्हणजे कोणी ओरडलं तर बसल्या जागेवरून चालू करता येतो. किती दिवस थांबायचं? एक महिना पुरत नाही, महिनाअखेरीची कामं आणि तिमाहीची कामं त्यात सापडत नाहीत. मी शंभर दिवस धरतो.

आमच्याकडे अशा सात निघाल्या. सहा शंभर दिवसांनी काढून टाकल्या, त्यातल्या दोन तर छतात मध्येच कापलेल्या होत्या. सातवीवर एकोणनव्वदाव्या दिवशी फोन आला. तळघरातल्या एका संगणकावरून तिमाहीचा कसला तरी अहवाल निघायचा, तो निघेना. पोर्ट चालू केला, खाली जाऊन संगणकामागे वाकलो. केबलच्या त्या टोकाला कागदी टेप होती आणि टेपवर लिहिलं होतं, ‘तात्पुरती’.